आठ सुतांचा हिशेब

आमच्या बार्देशात पोर्तुगीज काळातल्या गाड्या अजूनही कुठेकुठे मांगरात सापडतात. बहुतेक मॉरिस, ऑस्टिन, नाहीतर ओपेल. माझ्या एका मित्राकडे मात्र एम.जी.ए. आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार बनत असे. लाखभर बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. ही एक त्याच्या काकांच्या हौसेपायी गोव्यात आली. काका आता नव्वदीला टेकलेत, नजर अधू झाली आहे, आणि पुन्हा एकदा त्या गाडीतून म्हार्दोळला जायचं एवढंच त्यांचं मागणं.

म्हणून मित्राने पुढच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या मागवल्या. जुन्या बसून गेल्या होत्या, त्यातही उजवीकडची जास्त. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानासारखी डावीच राहिली. त्यामुळे इथल्या या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे, आणि एकटाच माणूस चालवत असला की सगळा भार उजव्या स्प्रिंगवर!

नव्या स्प्रिंगा बसवून गाडी जॅकवरून उतरवली आणि सगळे गप्प. पुढचं तोंड असं वर, जणू भुंकायला उभा राहिलेला कुत्रा. काकांनी बाल्कांवातून पाहिलं आणि म्हणाले, "ही माझी गाडी नव्हे." मित्राचा चेहरा पार उतरला.

मेस्ताकडे उत्तर तयार होतं. "पात्रांव, एक वेढो कापुया, जातलें सारकें." आता हे कापणं ऐकायला सोपं. पण वेढा कमी झाला की स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि गॅसने कापली तर तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. शिवाय या गाडीची स्प्रिंग चाकाजवळ नसते, खालच्या आडव्या हाताच्या साधारण मध्यावर असते. स्प्रिंग अर्धा इंच आखूड केली की गाडी जवळजवळ इंचभर बसते. आणि कापलेलं परत जोडता येत नाही. मी म्हटलं, आधी मोजू या. (सरकारी कारकुनाला दुसरं काय सुचणार म्हणा!)

मोजायचं ते जमिनीपासून नव्हे. टायरमधली हवा कमीजास्त झाली की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजायचं. मांगरातली जमीन पाण्याच्या नळीने समपातळीत आहे की नाही ते पाहिलं, टाकी भरली, आणि चालकाच्या जागी उकड्या तांदळाचं पन्नास किलोचं पोतं ठेवून वर दहा-बारा नारळ रचले. काकू म्हणाल्या, हा ड्रायव्हर बरा, शिव्या तरी देत नाही.

पण बरोबर उंची कोणती? बसलेल्या स्प्रिंगांची उंची म्हणजे काही खरी उंची नव्हे. मग काकांचा जुना फोटो निघाला, गाडी नवी असतानाचा, अगदी आडव्या बाजूने घेतलेला. चाक गाडीवर मोजलं, फोटोत मोजलं आणि शाळेतलं त्रैराशिक मांडलं. निष्कर्ष असा, की नवी उंची आठ सूत म्हणजे एक इंच जास्त आहे.

त्यातले चार सूत स्प्रिंगचे नव्हतेच. खालच्या हातांच्या मुळाशी रबराच्या बुश असतात. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असतानाच त्यांचे बोल्ट आवळले होते. रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली ठेवल्यावर पिळलं जाऊन तिला वर धरून ठेवतं. बोल्ट सैल केले, गाडी मागेपुढे ढकलली, पुढून दाबून हलवली, आणि चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळले. लगेच चार सूत खाली! मेस्त काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी तो विसरणार नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग तीन रविवार नुसती फिरवली, कारण नव्या स्प्रिंगा थोड्या बसतातच. आणखी दोन सूत गेले. उरलेल्या दोन सुतांसाठी स्प्रिंगच्या खालच्या ताटलीला, ती हाताला जिथे जोडते तिथे, एक सूत जाडीच्या पट्ट्या घातल्या आणि तेवढेच लांब बोल्ट. अर्ध्याचा तोच हिशेब इथे उपयोगी पडला. गाडी याहून खाली नको, आपल्याकडचे गतिरोधक माहीत आहेत ना?

काका काठी टेकत उतरले. टायर आणि मडगार्डमधल्या फटीत चार बोटं आडवी घालून पाहिली. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही घातली. मग दार उघडायला सांगितलं.

अजून चाकांचं अलाइनमेंट तपासायचं आहे, आणि दिवे वर वळवायचे आहेत. तोंड वर होतं तेव्हा ते माडांच्या शेंड्यांवर पडायचे म्हणून मेस्ताने वाकवले होते, आता पुढच्या रस्त्यावर खड्ड्यातच पडतात. म्हार्दोळला दिवसाउजेडीच जाऊन आलो.