चिंचोक्यांची थैली

पूर्वी गावोगावच्या हुतूतूच्या सामन्यांत अमुक खेळाडू कोणाचा, असा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. ज्या आळीत तो लहानाचा मोठा झाला त्या आळीचा तो. आणि जत्रेच्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना ठरला की तो साऱ्या गावाचा. त्याचे मोल कोणी विचारले असते, तर लोकांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. फार तर जिंकल्यावर एक नारळ, एखादा फेटा आणि रात्रीच्या पंगतीत वाढप्याचा थोडा जास्त आग्रह, एवढीच त्याची कमाई.

2014 साली हे चित्र पालटले. प्रो कबड्डी नावाची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यासाठी मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. आठ संघ होते आणि खेळाडू विकत घेण्यासाठी प्रत्येकाला 60 लाख रुपयांची मर्यादा घालून दिलेली होती. त्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमार या अनुभवी खेळाडूवर. पाटण्याच्या संघाने त्याला 12 लाख 80 हजार रुपयांना घेतले. माणसांचा लिलाव हा शब्द कित्येक जुन्या मंडळींच्या कानांना खटकला, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या गलबल्यात एका लहानशा गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती गोष्ट म्हणजे ती 60 लाखांची मर्यादा. ज्याच्याजवळ पैसा अधिक त्याने अधिक खर्चावे, हा तर बाजाराचा साधा न्याय. मग येथे प्रत्येकाच्या थैलीला सारखीच गाठ का मारली?

हे समजून घेण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील लोहारा या तालुक्याच्या गावी जाऊ या. तेथील एखाद्या आळीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाच मुले सावलीला जमली आहेत अशी कल्पना करावी. बाहेर ऊन मी म्हणत आहे. मैदानात पाऊल टाकण्याची सोय नाही. तेव्हा त्यांनी कबड्डी वहीत मांडली आहे. तालुक्यातील गावोगावच्या खेळाडूंच्या चिठ्ठ्या केल्या आहेत: माकणीचा पोरसवदा चढाईपटू, सास्तूरचा उंच कोपरारक्षक, जेवळीचा मध्यरक्षक, असे. प्रत्येक चिठ्ठीवर त्या खेळाडूच्या बळाचा आकडा. पाच चिंचोके फोडून त्यांचा फासा केला आहे. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील तितकी भर त्या बळात पडावयाची आणि त्यावरून चढाई साधली की पकड झाली ते ठरावयाचे. दर हंगामाच्या अखेरीस पुन्हा फासा टाकावयाचा. तरुण खेळाडूचे बळ त्याप्रमाणे वाढते, तिशी उलटलेल्याचे घटते. आणि खेळाडू विकत घेण्याचे नाणे कोणते? तर न फोडलेले चिंचोके.

पहिल्या खेपेस चिंचोके किती आणावेत यावर बंधन नव्हते. पाचांपैकी एकाच्या शेतात चिंचेची दोन मोठी झाडे. तो पोतेभर चिंचोके घेऊन आला. माकणीचा हवा? घे. सास्तूरचा हवा? तोही घे. इतरांनी दहा म्हणावे, त्याने शंभर म्हणावे. तासाभरात तालुक्यातील सारे बळ त्याच्या वहीत गोळा झाले. पहिल्या दिवशी तो सर्वांना हरवून घरी गेला, दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी सावलीत तो एकटाच बसला होता. पोते शेजारी होते, संघ वहीत होता, परंतु खेळावयाला कोणी आले नाही. एकाने तर आदल्या सायंकाळीच विचारले होते, “निकाल ठाऊक असेल, तर फासा टाकायचा कशाला?”

तेव्हा मुलांनी नियम केला, की प्रत्येकाला शंभरच चिंचोके आणि त्यांत आठ खेळाडू. सात मैदानातले आणि एक राखीव. श्रीमंताचा हात आखडला. परंतु त्याचाही खेळ वाचला, ही गोष्ट त्याच्या लक्षात यावयाला फारसा वेळ लागला नाही.

अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांनी हीच युक्ती 1984–85 च्या हंगामापासून अंगीकारली. तेव्हा एका संघाने आपल्या खेळाडूंवर खर्चावयाची मर्यादा होती 36 लाख डॉलर; पुढे ती पुष्कळच वाढत गेली. मात्र त्यांची गाठ जरा सैल असते. आपल्याकडेच वाढलेला खेळाडू राखावयाचा असेल, तर काही अटींवर मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्ड या नामांकित खेळाडूचे नाव त्या सवलतीला कायमचे चिकटले आहे. आज तेथील कितीतरी हौशी लोक संगणकावर काल्पनिक बास्केटबॉल संघ चालवितात, त्यांत मर्यादा सांभाळतात, करार करतात, करार मोडतात आणि रात्र रात्र बेरजा मांडतात. त्यांचा संगणक आणि लोहाऱ्याचे चिंचोके यांत काम तेच चालते. फरक असलाच तर इतकाच, की चिंचोके भाजून खाताही येतात.

मर्यादा आली, परंतु मोह काही गेला नाही. आपल्या पाच मुलांतील एकाने पहिल्याच बोलीत एका चढाईपटूवर बासष्ट चिंचोके ओतले. उरले अडतीस, आणि घ्यावयाचे सात गडी. मग काय, पाच चिंचोक्यांचा एक, सहाचा एक, असा गोतावळा जमला. पहिल्या सामन्यात त्याच्या चढाईपटूने मैदान दणाणून सोडले. दुसऱ्या सामन्यात पाचही चिंचोके काळ्या बाजूने पडले, आणि मुलांच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ दुखापत! बासष्ट चिंचोके हंगामभर राखीव जागेवर बसून राहिले.

मुलांचा नियम निर्दय वाटेल. परंतु प्रत्यक्षात याहून कठोर फासे पडले आहेत. 2022 च्या लिलावात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी 2 कोटी 26 लाख रुपये मोजले. संघाची सारी थैली 4 कोटी 40 लाखांची. म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम एकाच माणसावर. हंगामातील पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो त्या वर्षी पुन्हा मैदानात उतरू शकला नाही. संघ बुडाला असेच सर्वांना वाटले. परंतु त्याच संघात नरेंदर नावाचा एक नवखा तरुण होता. मोठ्या खेळाडूच्या सावलीत जो कदाचित चार-दोन चढायांवर समाधान मानून राहिला असता, त्याने त्या हंगामात चढायांचे दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे पुणेरी पलटणने त्याला अवघ्या दोन गुणांनी हरविले.

पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये दिले. थैली 5 कोटींची होती. या खेपेस तो खेळला, चांगला खेळला, दोनशेच्या वर गुण त्यानेही केले. आणि तरीही संघाने बावीस सामन्यांपैकी केवळ दोन जिंकून तळाचे स्थान गाठले. चढाईला एकटा जाता येते. पकडीला साखळी लागते. आणि साखळीच्या कड्या घ्यावयाला पैसा उरला नव्हता.

येथे कोणी घाईने म्हणेल, की महागडा खेळाडू घेणे हेच मुळी शहाणपणाचे नव्हे. तसे नाही. त्याच हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या महंमदरेझा शादलूईला 2 कोटी 35 लाखांना घेतले होते, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला 28–25 असे हरवून विजेतेपदही मिळविले. मग फरक कोठे पडला? पुण्याच्या संघाचे बाकीचे बरेचसे गडी लिलावाच्या गर्दीत घेतलेले नव्हते. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार आणि त्याचे बरेचसे सोबती कोवळ्या वयातच, बेताच्या मोबदल्यावर संघात आले होते आणि वर्षानुवर्षे एकत्र घडले होते. घरचे धान्य कणगीत असले म्हणजे बाजारातून एखादी महागडी जिन्नस आणता येते. कणगी रिकामी ठेवून ती आणणाऱ्याची गोष्ट निराळी.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू, जी मुलांच्या खेळात सहसा ध्यानात येत नाही, कारण चिठ्ठीला तोंड नसते. करार संपला की खेळाडू मोकळा होतो. हवे तर त्याने दुसऱ्या संघाकडे जावे. ही मोकळीक त्याला फुकट मिळालेली नाही. अमेरिकेत बास्केटबॉलचा खेळाडू संघाच्या मर्जीवाचून दुसरीकडे जाऊ शकत नसे. 1970 साली ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूच्या नावाने खेळाडूंनी न्यायालयात दाद मागितली. सहा वर्षांनी, 1976 साली, तडजोड झाली आणि त्या बेड्या सैल होऊ लागल्या. कबड्डीपटूची कारकीर्द ती किती वर्षांची? दहा-बारा वर्षे गुडघे साथ देतात, एवढेच. त्या थोड्या वर्षांत त्याने आपले मोल मागितले, तर त्याला कृतघ्न म्हणणे हा निव्वळ अन्याय होय.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी नावाचे गाव आहे. तेथील सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबा संघाकडून 36 लाख 40 हजार रुपयांवर खेळला आणि पदार्पणाच्याच हंगामात त्याने चढायांचे 218 गुण घेतले. मुंबईच्या संघाने त्याला पुढे राखले नाही. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. मुंबईकर प्रेक्षक हळहळले. हुंदळेवाडीला मात्र त्या दिवशी आनंदच झाला असेल. एकच घटना, आणि ती दोन ठिकाणांहून किती निराळी दिसते! मौज अशी, की ज्याने त्याला सोडले तो संघ त्या वर्षी उपांत्य फेरीत गेला आणि ज्याने घेतले तो तळाच्या बाजूला राहिला.

लोहाऱ्याच्या पाच खेळगड्यांत एक मुलगी आहे. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे हिला खो-खोसाठी 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, हे ती प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी सांगतेच. पहिल्या हंगामात हिने माकणीचा तो पोरसवदा चढाईपटू अवघ्या चार चिंचोक्यांना घेतला होता. बाकीचे सात गडी मिळून सत्तर चिंचोक्यांचे. सव्वीस चिंचोके खर्च न करताच ती बसली, आणि इतरांनी तिला कंजूष म्हणून हिणविले. परंतु हंगामअखेरच्या फाशात माकणीच्या पोराचे बळ एकदम चढले. त्याचा करार होता एकाच वर्षाचा. इतर सातांचा दोन वर्षांचा. तो मोकळा झाला आणि त्याच्यावर बोली लागत लागत एक्केचाळीस चिंचोक्यांपर्यंत गेली.

मुलांनी आपल्या खेळात एक हक्क ठेवला होता: जुन्या मालकाने अखेरच्या बोलीइतके चिंचोके मोजले, तर खेळाडू त्याच्याकडेच राहावा. व्यावसायिक कबड्डीतही असा हक्क संघांना असतो, मात्र मोजक्याच खेळाडूंपुरता. आता सर्वांचे डोळे त्या मुलीकडे लागले.

तिने वही पुढे ओढली. शंभरांतून सातांचे सत्तर गेले, उरले तीस. एक्केचाळीस द्यावयाचे तर अकरा कमी पडतात. ते कोठून आणावेत? सास्तूरचा कोपरारक्षक चौदाचा; त्याला सोडले तर हाती चव्वेचाळीस येतात. त्यांतून एक्केचाळीस गेले की राहतात तीन, आणि तीन चिंचोक्यांत मोकळ्या पडलेल्या कोपऱ्यावर कोण मिळणार? ज्या कोपऱ्यावर तिचा संघ गेल्या हंगामात उभा होता, तेथे भोक पडावयाचे. उलट माकणीच्या पोराला जाऊ दिले, तर तीस चिंचोके हाती आहेत. त्यांत बरा चढाईपटू येईलही, पण तो हा नसेल. हा कोणाच्या खिजगणतीत नसताना तिने निवडला होता.

दोनदा तिने बेरीज केली. आकडे तेच आले. पोतेवाला मुलगा म्हणाला, “उसने देऊ का अकरा?” त्याच्या मनात खोट नव्हती, परंतु उरलेल्या तिघांनी एकदम डोळे वटारले, आणि त्याचे त्यालाच हसू आले.

मुलीने चिठ्ठी उचलून बोली जिंकणाऱ्याच्या हातात दिली. वहीत मात्र माकणीच्या नावापुढे लिहिलेले गेल्या हंगामाचे गुण तिने खोडले नाहीत. मग तीस चिंचोके ओंजळीत घेऊन ती म्हणाली, “पुढची चिठ्ठी काढा.”