राखून ठेवलेले पुस्तक

मराठीच्या प्राध्यापकाने चारचौघांत सांगू नये अशी एक गोष्ट आज सांगून टाकतो. वर्गात मी ज्ञानेश्वरी शिकवतो. पण घरी येऊन हातपाय धुतले की माझा हात जातो तो टेरी प्रॅचेट नावाच्या इंग्रज लेखकाच्या पुस्तकांकडे. आणि त्यांत चेटकिणी असतात!

विद्यार्थिदशेत फाउंटनच्या फुटपाथवर त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतले एक फाटके पुस्तक हाती लागले. पाहतो तो काय, या गृहस्थाचे जग ताटासारखे सपाट. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर! आपले दिग्गज आणि आपला कूर्म! परमुलखात गाववाला भेटावा तसे मला झाले.

१९८३ ते २०१५ या काळात या मालिकेच्या ४१ कादंबऱ्या निघाल्या. २००७ साली प्रॅचेटला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार जडल्याचे निदान झाले. टंकलेखन जमेना, तेव्हा तो तोंडी सांगून लिहवून घेऊ लागला. मार्च २०१५ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला आणि ऑगस्टमध्ये 'द शेफर्ड्स क्राऊन' हे शेवटचे पुस्तक आले. मागची व्यवस्थाही चोख. अपुरे लेखन असलेली हार्ड डिस्क रोडरोलरखाली चिरडावी, अशी त्याची इच्छा होती. २०१७ साली जुन्या वाफेच्या यंत्रांच्या एका जत्रेत ती पुरीही झाली. म्हणजे यापुढे काही नाही.

ते पुस्तक मी विकत घेतले, त्याला खाकी कव्हर घातले आणि कपाटात ठेवून दिले. ते वाचले की संपलेच! सौभाग्यवती विचारी, "लोणचं आहे का ते, मुरायला ठेवलंय?" मी हसण्यावारी नेत असे. अशी वर्षे गेली.

यंदा उन्हाळ्यात आईने आपली जुनी ट्रंक उपसली. एकेक भांडे उजेडात धरून त्यावरचे नाव वाचायचे आणि वाटणी करायची. "हे पातेलं ताईला. हा डबा सुनबाईला. आणि पासबुकं इथं आहेत, एकदा नीट बघून ठेव."

मी एकदम उखडलो. "आत्ताच कशाला हे सगळं, आई?" म्हणून ताडकन उठून गेलो. ती काही बोलली नाही. ट्रंकेचे झाकण लागल्याचा आवाज मात्र ऐकू आला.

त्या रात्री झोप लागेना. उठून ते पुस्तक काढले.

सुरुवातीलाच ग्रॅनी वेदरवॅक्स मरते. ही या मालिकेतली सर्वांत करारी म्हातारी. गोड बोलणे तिला ठाऊक नाही. पण अडलेल्या बाळंतिणीकडे मध्यरात्रीही जाणार. आपली वेळ आली हे तिला आधी कळते. मग ती काय करते? घर झाडूनपुसून काढते, संडाससुद्धा घासते, अंग धुते, चिठ्ठी लिहिते आणि पलंगावर आडवी होते. रडारड नाही, निरोपाची भाषणे नाहीत. प्रॅचेटला वेळ मिळता तर या पुस्तकात त्याने आणखी भर घातली असती, असे त्याच्या सहायकाने शेवटी लिहिले आहे. ते खरेच आहे. पुढे पुढे काही धागे सुटे राहिल्यासारखे वाटतात. पण हा भाग! ज्याला स्वतःची वेळ ठाऊक होती त्याने तो लिहिला होता. मी तो दोनदा वाचला आणि दिवा मालवला.

सकाळी मीच ट्रंक ओढून आईसमोर आणली. "हं, सांग."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. "रात्री काय वाचत होतास एवढं?"

मी म्हातारीची गोष्ट सांगितली. आईने चहाची बशी खाली ठेवली.

"घर कुणाला दिलं तिनं?"

"तिच्याच विद्येतल्या एका पोरीला. नात्याची नव्हे."

"आणि पाळलेलं काही नव्हतं?"

"मांजर होतं. ते कुणाला दिलं नाही. त्याला हवं तिथं राहू दे, असं लिहून ठेवलं."

"बरं केलं," आई म्हणाली. मग चष्मा लावून तिने तळातला एक गडू वर काढला. "हा बघ. यावर माझं माहेरचं नाव आहे. हा कुणाला द्यायचा, ते मात्र मी अजून ठरवलेलं नाही."