आकड्यांची राखण

२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियावर संगीत आणि बेसबॉलचे लेख सांभाळणारे संपादक बिनपगारी असतात. काम बहुतेक किरकोळ: तुटलेला दुवा, चुकलेलं वर्ष, संदर्भाविना राहिलेलं वाक्य. संगीतात वाद झडतात ते शैलीवरून. एखादा गट रॉक की पॉप, यावर चर्चापानं भरतात. तारखांचेही पेच असतात: जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत असे. बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून तो ४ ऑगस्ट १९०१ चा ठरला. लेखात नोंदीला मान मिळतो, पण त्याची लाडकी तारीखही गाळली जात नाही. हे योग्यच.

बेसबॉलमध्ये मात्र आकडा हाच लेखाचा कणा. वर्णभेदामुळे वेगळ्या खेळवल्या गेलेल्या निग्रो लीगची आकडेवारी मेजर लीग बेसबॉलने मे २०२४ मध्ये आपल्या नोंदींत सामावून घेतली आणि त्या लीगमधल्या जोश गिब्सनची ०.३७२ ही कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी मेजर लीगच्या टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गेली. एवढ्या एका बदलापायी याद्या, तळटिपा, कॉबचा लेख, सगळं पुन्हा तपासावं लागतं. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारला होता. वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. निग्रो लीगच्या सामन्यांचे सगळे धावफलक अजून हाती आलेले नाहीत, त्यामुळे ०.३७२ हाही शेवटचा आकडा म्हणता येत नाही.