एलएचडी म्हणजे नेमकं काय?

खाणीतल्या गाड्यांची कागदपत्रं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये नेताना लांबलचक वाक्यांचं मला काही वाटत नाही. वाक्य अडलं तरी मागचं-पुढचं वाचून सुटतं. धास्ती असते ती तीन-चार अक्षरांची.

एलएचडी घ्या. भूमिगत खाणीत ही बुटकी, लांबोडकी लोडर. फोडलेलं खनिज बकेटमध्ये उचलते, वाहून नेते, ओतते. त्याच खाणीसाठी मागवलेल्या पिकअपच्या यादीत मात्र एलएचडी म्हणजे डावीकडचं स्टिअरिंग! चिली-पेरूत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, तेव्हा ते डावीकडेच असणार. तरी यादीत ते इमानेइतबारे लिहिलेलं असतं. लोडरच्या तीन क्रियांची स्पॅनिश आद्याक्षरं घेऊन 'सेतेदे' असं काहीतरी रचता येईल. व्याकरणाचे मास्तर खूश होतील, पण चिलीतल्या बोगद्यात तिला 'स्कूप' म्हणतात. तिथल्या तांब्याच्या मोठ्या खाणींचं 1971 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, अमेरिकी कंपन्या गेल्या. यंत्रांची इंग्रजी नावं काही हद्दपार झाली नाहीत.

म्हणजे सगळंच इंग्रजी ठेवावं? तसंही नाही. उघड्या खाणीतल्या अजस्र डंपरला चिलीत 'कामिओन दे एक्स्त्राक्सिओन' म्हणतात आणि त्याचं सुटसुटीत 'काएक्स' तिथे सर्रास चालतं. तिथे इंग्रजी अक्षरं ठेवणं हा शुद्ध आळस. वाहनाच्या कमाल एकूण वजनाला लॅटिन अमेरिकेत 'पीबीव्ही' लिहितात, स्पेनमध्ये 'एमएमए'. भाषा एकच, पण माद्रिदची अक्षरं चिलीतल्या कालामात चालवू नयेत. टनाचंही तेच. कॅटरपिलर 797एफ हा 400 टनी डंपर, पण ते अमेरिकी टन. मेट्रिक हिशेबात 363. एककाकडे काणाडोळा केला, की कागदावर 37 टन माल फुकटात वाढतो.

'रॉप्स' आणि 'फॉप्स'ला मात्र मी हात लावत नाही. पहिलं गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा सांगाडा, दुसरं वरून दगड कोसळला तर झेलणारं छत. केबिनमधल्या धातूच्या पट्टीवर हीच अक्षरं कोरलेली असतात आणि तपासनीस तीच शोधतो. स्पॅनिशमध्ये एकदा अर्थ द्यावा, पुढे अक्षरं तशीच ठेवावीत.

असं काम देणाऱ्यांना एक विनंती: मजकुरासोबत त्या पट्टीचा फोटो पाठवा, आणि कागद कुठल्या देशात वाचला जाणार तेही कळवा.