तारेकडे परत न येणारा सूर

गेल्या वर्षी ऑडिओग्राम काढला. दोन्ही कानांचा आलेख 4000 हर्ट्झच्या आसपास घसरलेला निघाला. डॉक्टर फार काही बोलले नाहीत. मोठ्या आवाजात वाजवणं बंद, एवढंच म्हणाले. तेव्हापासून चार ईएल34 व्हॉल्व्हचा माझा शंभर वॉटचा मार्शल बंदच आहे. रेकॉर्डिंगला मी डीआय, म्हणजे गिटारचा थेट सिग्नल, घेतो आणि ॲम्प सॉफ्टवेअरमधला लावतो.

सॉफ्टवेअरला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. सुरुवातीच्या प्लगइनमध्ये गेन वाढवला की सुराशी काही नातं नसलेली एक किरकिर वरच्या पट्टीत यायची. ओव्हरसॅम्पलिंगने ती घालवली. आज न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर खऱ्या ॲम्पचं वागणं ऐकून ऐकून शिकतं. आयआर, म्हणजे स्पीकर-कॅब आणि माइकची डिजिटल छाप, नीट निवडला, तर माइक लावलेला कॅब कुठला आणि हा कुठला, हे मिक्समध्ये मला ओळखता येत नाही. हमखास ओळखतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माझं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं, ते म्हणजे लांब धरलेला सूर. संथ गाण्याचा सोलो संपत आलाय, दुसऱ्या तारेवर पंधराव्या फ्रेटवरून बेंड घेऊन शेवटचा सूर धरलाय. ॲम्पसमोर उभं राहून वाजवलं की तो आधी किंचित बसतो. मग स्पीकरने ढकललेली हवा गिटारच्या लाकडावर आणि तारेवर येते, तार पुन्हा जोर धरते आणि धरलेल्या सुरातून दुसराच सूर वर येतो. धरलेल्या सुराला षड्ज मानलं, तर कधी वरच्या सप्तकातला षड्ज, कधी त्याच्याही वरचा पंचम. यांतला कुठला येणार, हे तुम्ही स्पीकरपासून किती लांब उभे आहात त्यावरही ठरतं. अर्धं पाऊल सरकलं तरी बदलतो. 1977 साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’साठी वाजवताना रॉबर्ट फ्रिपने कुठला सूर किती अंतरावर पेटतो त्याच्या खुणा जमिनीवर करून ठेवल्या होत्या, असं निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी सांगतो. मला ती गोष्ट वाचून नवल वाटलं नाही. ज्याला त्या सुराचं वेड लागतं तो खुणा करणारच.

हेडफोनमध्ये यातलं काहीच होत नाही. सूर तारेतून निघतो, पिकअप, इंटरफेस, ॲम्प, कॅब, माइक अशी सगळी वाट चालतो आणि माझ्या कानात संपतो. तारेकडे परत काही येत नाही. हे सॉफ्टवेअरचं पाप नाही, हेही खरं. ॲम्प आतल्या खोलीत आणि वादक काचेअलीकडे, अशी रेकॉर्डिंगं कित्येक दशकं होत आली आहेत. पण तेव्हा हट्ट धरून आत जाऊन उभं राहता यायचं.

उपाय करून पाहिले. कॉम्प्रेसर मावळत्या सुराचा आवाज चढवतो. तारेचं हलणं वाढत नाही, खरखर मात्र वाढते. तार चुंबकाने हलती ठेवणारा ईबो धरला की उजवा हात अडकतो आणि पिकचा ठोका जातो. सस्टेनर पिकअप दर वेळी तेवढ्याच वेळात, तेवढ्याच जोराने सूर उचलतो. ॲम्पसमोर सूर पेटणार की विझणार हे क्षणभर कळायचं नाही, आणि माझा व्हायब्रॅटो त्या धाकधुकीतून यायचा. मॉनिटर मोठे केले तर प्लगइनमधूनही फीडबॅक येतो, पण तो आवाजच मला मना आहे. शिवाय 6 मिलिसेकंदांची लेटन्सी म्हणजे स्पीकर सुमारे दोन मीटर मागे सरकवल्यासारखं. पायांना पाठ असलेल्या जागा चुकतात.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी वेगात माझ्या पुढे आहे. खऱ्या ॲम्पला गिटार जोडून तिने आजवर वाजवलेलं नाही. तिला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, “पण सर, शेवटच्या सुराला ऑटोमेशन दिलं की वाढतोच की तो.” मग मी तिचं वाजवणं नीट ऐकलं. सूर विझायच्या आत ती पुढचा घेते. या पिढीच्या सोलोंमध्ये सूर वाढलेत आणि थांबणं कमी झालंय. सूर परत येतो हेच ठाऊक नसेल, तर त्याची वाट कोण पाहणार? याला मी ऱ्हास म्हणतो आणि त्यावरून मागे हटणार नाही. प्रीसेटही सगळ्यांचे तेच: चार बाराइंची स्पीकरचा कॅब, त्यात व्हिंटेज 30, त्यावर एसएम57 माइक.

माझ्या ओळखीचा एक वादक फोटोत मागे व्हॉल्व्ह ॲम्प ठेवतो आणि टेक प्लगइनमधून पाठवतो. मला त्याची चीड येते. पण संगीतकारांनी ॲम्प कुठला विचारलं, तर मीही नुसतं “मार्शल” म्हणतो. मॉडेल मार्शलचंच असतं, म्हणून ते खपून जातं. माझा टोन लॅपटॉपमधून आला, असं कुणी म्हटलेलं मला सोसत नाही.

सध्या मी एक करतो. मॉनिटर बेताच्या आवाजात चालू ठेवतो आणि शेवटचा सूर धरला की गिटारचा हेडस्टॉक मॉनिटरच्या लाकडी कडेला टेकवतो. कंप लाकडातून लाकडात, तिथून नेकमध्ये आणि तारेत जातो. वरचा पंचम काही येत नाही. पण सूर थोडा जास्त टिकतो, आणि त्यात मी न केलेली एक थरथर असते.

अलीकडे एका मराठी चित्रपटाच्या गाण्यात असा सूर दिला. मिक्समध्ये त्याच्यावर व्हायोलिन्स आली आणि तो झाकला गेला. मी संगीतकाराला फोन केला आणि व्हायोलिन्स दोन डीबी खाली घ्यायला लावली. गाण्याला त्याची गरज होती, असं मी त्याला पटवून दिलं. मला तो सूर लोकांना ऐकवायचा होता.