नोंदींचा पत्ता घरचा

फौजी माणसाचा कायमचा पत्ता एकच असतो, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लिहिलेला. बाकीचे पत्ते दोन-तीन वर्षांत बदलतात. काळ्या ट्रंकेवरचं जुन्या स्टेशनचं नाव खोडायचं, पांढऱ्या रंगाने नवं लिहायचं आणि निघायचं. खडकवासल्याहून पास आऊट झाल्यापासून हे किती वेळा केलं, ते ट्रंकांवरचे रंगाचे थर मोजले तरच कळेल.

या फिरतीत मला नोंदी ठेवायची सवय लागली. आधी खिशातली वही, मग लॅपटॉप. कुमाऊंनी जवानांकडून शिकलेले शब्द, थोरल्या भावाला 'दाज्यू' म्हणतात इथपासूनचे. लंगरच्या कुकने सांगितलेली भट्टच्या चुडकाणीची कृती; भट्ट म्हणजे तिकडचं काळं सोयाबीन. बाडमेरला खाल्लेल्या केर-सांगरीची चव. मुलीने बदललेल्या शाळांची यादी. सरकारी कामाची एक ओळही यात नाही. ते काम वेगळं, त्याच्या जागा आणि नियम वेगळे, आणि त्यात तडजोड नाही.

या नोंदींत वीसेक नोंदी वडिलांच्या आहेत. ते सातारा जिल्ह्यात शिक्षक होते. शेवटच्या दोन वर्षांत फोनवर बोलताना त्यांनी आमच्या एकेका शेताचं नाव सांगितलं आणि ते नाव का पडलं तेही. वढ्याकाठचं, पाणंदीची पट्टी, आज्जीचा आंबा. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावासाठी जागा असते. आमच्या उताऱ्यावर ती कोरी आहे. वडील गेल्यावर ही नावं फक्त माझ्या नोंदींत उरली.

तेव्हा त्या सगळ्या नोंदी एका फुकट ऑनलाइन सेवेत होत्या. एके दिवशी मेल आला: फुकट खात्यातल्या नोंदींवर आता मर्यादा, जास्त हव्या असतील तर पैसे भरा. मी अशा ठिकाणी होतो जिथे टेकडी चढल्यावर फोनला रेंज यायची. सुट्टीवर आल्यावर सगळं उतरवून घेतलं. काही गेलं नाही. पण जागा दुसऱ्याची असली की नियमही दुसऱ्याचे, हे स्पष्ट झालं.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होतं ते मुक्त: प्रोग्रॅम हवा तसा वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. माझी आधीची सेवा फुकट होती, मुक्त नव्हती.

आता पुण्याच्या घरी राउटरशेजारी तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक आहे. मेमरी कार्ड सततच्या लिहिण्याने झिजतं, म्हणून त्याला एक एसएसडी जोडली आहे. त्यावर नेक्स्टक्लाउड चालतं, म्हणजे फायली साठवणारा आपला स्वतःचा सर्व्हर. लॅपटॉप आणि फोनवर जॉप्लिन हा नोंदींचा प्रोग्रॅम आहे. जॉप्लिन लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर चालतं.

जॉप्लिनची मला पटलेली गोष्ट अशी की सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत प्रत्येक उपकरणावर असते. रेंज नसलेल्या पोस्टवर महिनाभर लिहीत राहा. जोडणी मिळाली की नवं-जुनं आपोआप जुळतं. एकच नोंद दोन ठिकाणी बदलली असेल तर एक प्रत निमूट पुसली जात नाही, वेगळ्या वहीत ठेवली जाते. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बाहेर काढता येतो. उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला तरी तो कुठल्याही संगणकावर वाचता येईल.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचायला थोडी खटपट आहे. आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो. मी स्थिर आयपी पत्ता विकत घेतला आणि आत यायला वायरगार्डचा एकच दरवाजा ठेवला. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. आणि अपडेट म्हणजे संत्र्याची ड्युटी आहे. दर आठवड्याला करावीच लागते. तेवढा वेळ नसेल तर पैसे भरून चांगली सेवा घेणं हेही शहाणपणच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली नोंद सगळीकडून पुसली जाते. म्हणून दर सुट्टीत मी सगळं बाहेर काढून एका डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क गावच्या घरी ठेवतो.

शेवटचं काम तांत्रिक नाही. जॉप्लिनमध्ये एन्क्रिप्शन चालू केलं की नोंदींचा मजकूर सर्व्हरवर वाचता येत नाही. पासवर्ड हरवला की सर्व्हरवरची प्रत उघडता येत नाही. आपण फौजेत नेक्स्ट ऑफ किन नोंदवतो, लग्न आणि मूल झाल्यावर पार्ट टू ऑर्डर निघते, विल करतो. पेन्शन कोणाला मिळेल हे पक्कं असतं. आठवणी कोणाला मिळतील, हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत. मी पासवर्ड कागदावर लिहून विलच्याच पाकिटात ठेवला. बायकोने माझ्यासमोर तो टाकून नोंदी उघडून पाहिल्या. मुलीला डबी बंद करून चालू कशी करायची ते येतं.

निवृत्त वाचकांना एक विनंती. तुमच्या डायऱ्या, युनिटचे किस्से, गेलेल्या सोबत्यांची नावं ज्या खात्यात असतील, त्यांची एक साधी प्रत या आठवड्यात घरी आणा. रास्पबेरी पाय नंतर बघू. आधी प्रत काढा, आणि ती कुठे आहे हे घरात एकाला तरी सांगून ठेवा.

गेल्या सुट्टीत मुलीने विचारलं, "बाबा, आज्जीचा आंबा कुठल्या बांधावर?" मी नोंद उघडून दिली. आता गावी गेलो की तो बांध दाखवायचा आहे.