चेहऱ्याशिवाय हसवणं

रेडिओवरच्या विनोदाची घडी ज्याने पार विस्कटून टाकली, तो माणूस आपल्या अहमदनगरात जन्मला होता, हे आमच्या धंद्यातल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८. बाप आयरिश, ब्रिटिश फौजेत. पोराचं बालपण बरंचसं पुण्यात गेलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बापाची फौजेतली नोकरी गेली आणि हिंदुस्थानात नोकरचाकरांत राहिलेलं कुटुंब लंडनच्या गरीब वस्तीत जाऊन पडलं. पुढे महायुद्ध. १९४४ च्या जानेवारीत इटलीत कॅसिनोच्या लढाईत तो जखमी झाला, आणि त्या धक्क्यातून मन कधी पुरतं सावरलं नाही. १९५१ मध्ये बीबीसीवर त्याचा ‘द गून शो’ सुरू झाला.

मी रेडिओसाठी श्रुतिका लिहितो, नवीन मुलांना लिहायला शिकवतो. वर्गात मिलिगनचं नाव काढलं की कुणीतरी विचारतंच, “सर, दुःख भोगल्याशिवाय विनोद येत नाही का?” मला हा प्रश्न आवडत नाही. दुःख भोगलेली माणसं आमच्या जिल्ह्यात घरोघर आहेत. ती सगळी विनोदी नाहीत. प्रश्न कानाचा आहे.

मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा. बाप सालदार, माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. उधारीच्या वसुलीला एक माणूस यायचा. तो ओसरीत बसला की आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी. तो गेल्यावर, जेवणं झाल्यावर, माय त्याची नक्कल करायची. आधी खाकरणं, मग वहीची पानं उलटल्याचा आवाज (लुगड्याचा पदर बोटांत चुरून), मग लांबलेला उसासा आणि शेवटी, “काहून बाई, औंदा तरी?” रॉकेल वाचवायला कंदील बारीक केलेला असायचा. मायचं तोंड दिसायचं नाही. जे काही होतं ते आवाजातच करावं लागे, आणि ती ते करायची. बाप सहसा हसत नसे. उसाशाला मात्र हसायचा. मला वाटतं, माझी पहिली श्रुतिका ती. त्या हसण्याने कर्जातला रुपया कमी झाला नाही. माणूस पुढल्या आठवड्यात आलाच. पण तो ओसरीत खाकरला की आता मला भीतीच्या आधी मायचा उसासा आठवायचा.

दुसरी शाळा पोळ्याची. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले की आमच्याकडे झडत्या होतात. एकजण पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी फेकतो. त्यात नापिकी, महागाई, सावकार, सरकार, पाटलाचा चिक्कूपणा, सगळं येतं. पाटील समोरच उभा असतो आणि त्यालाही हसावं लागतं. शेवटचा शब्द पडताच गावभर ‘हर हर महादेव’ उठतं. ठेच बसायची ओळ क्षणभर उशिरा पडली तर गजर तिला गिळून टाकतो. लवकर पडली तर लोक तयार नसतात. वेळेचं हे गणित मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा तिथे जास्त कळलं.

आकाशवाणीची ऑडिशन द्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे भांडवल एवढंच. स्टुडिओत मात्र गजर नसतो. जाड दरवाजा बंद झाला की आपलाच श्वास ऐकू येतो. श्रुतिकेला बहुधा समोर श्रोते नसतात, म्हणून हसण्याची जागा लेखकाने कागदावरच मोकळी सोडायची असते. ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकामाला आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून लागायची. प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तीन आवाज इतके वेगळे की कोण बोलतंय हे सांगावं लागत नसे. विनोद त्यानंतर. आधी घर उभं राहिलं पाहिजे. विविध भारतीच्या ‘हवामहल’मधल्या चांगल्या झलक्यांनाही हाच नियम लागू होता.

मिलिगनने तर निव्वळ आवाजाचाच विनोद केला. कस्टर्ड भरलेला मोजा आपटल्याचा आवाज त्याला हवा होता, म्हणून बीबीसीच्या कॅन्टीनमधून त्याने कस्टर्ड करून घेतलं आणि स्वतःचा मोजा काढून त्यात भरला, अशी गोष्ट सांगतात. पण कार्यक्रमाच्या याच धावपळीत, १९५२ च्या अखेरीस, तो कोसळला आणि इस्पितळात गेला. कार्यक्रम पुढे १९६० पर्यंत चालला, मनाचा आजार जन्मभर चालला. विनोदाने माणूस बरा होतो, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा भागही सांगावा.

एक तक्रार मात्र माझ्या मनात जुनी आहे. मराठी श्रुतिकेत वऱ्हाडी बोली फार वेळा गड्याच्या तोंडी पडली, आणि तो गडी हमखास बावळट. मला सुरुवातीला असेच प्रवेश लिहायला सांगत. मी बोली ठेवायचो, बावळटपणा साहेबाकडे सरकवायचो. मायच्या नकलेत हसं वसुलीवाल्याचं व्हायचं, उधारी थकलेल्याचं नव्हे. हल्ली काही खासगी एफएमवर भोळ्याभाबड्या माणसाला खोटा फोन लावून त्याची गंमत उडवतात. तो हलका धंदा आहे. त्यात लिहिणाऱ्याला काही करावंच लागत नाही.

पुढच्या पोळ्याला तुमच्या गावात झडत्या होत असतील, तर फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. चित्रफीत नको, नुसता आवाज. म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना आधी विचारा, ओळींचे अर्थ लिहून घ्या आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत द्या.